विंडोज ७वर क्यूजीआयएस: जुनी आवृत्ती, की लॅपटॉपवर लिनक्स?

राजापूरकडच्या एका बागायतदार काकांनी गेल्या आठवड्यात लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. २०१२ची खरेदी, चार जीबी रॅम, विंडोज ७. बागेत चार भावांचे वाटे, मधला गडगा दोन ठिकाणी ढासळलेला, आणि कुठलं कलम कोणाच्या वाट्यात हे पावसाआधी नकाशावर मांडायचं होतं. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या प्रोग्रॅमची ताजी आवृत्ती त्यांनी उतरवली, पण उघडायला गेलं की एकच निरोप: ‘एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ’ने सुरू होणारी डीएलएल फाईल, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी विंडोजची एक जोडफाईल, सापडत नाही.

“नवीन लॅपटॉप घ्यायला हवा काय रे?”

नको, काका. पैसे कलमांच्या खताला ठेवा.

क्यूजीआयएसच्या पोटात पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा असते. विंडोज ७वर चालणारी पायथनची शेवटची आवृत्ती ३.८, पुढच्या पायथनला जी फाईल लागते ती विंडोज ८पासून आली. ती एक फाईल कुठूनतरी मिळवून सिस्टिमच्या फोल्डरात टाकायचे उपाय नेटवर सापडतात. मी ते कोणालाच सांगत नाही. फाईल कोणी बनवली ते कळत नाही, आणि एवढं करून प्रोग्रॅम उघडला तरी मध्येच बंद पडून दिवसभराची मोजणी घेऊन जाईल ही धास्ती राहतेच.

मग उरतात दोन वाटा.

पहिली, विंडोज ७ तसंच ठेवून क्यूजीआयएस ३.१६ टाकणं. २०२०ची ही दीर्घकालीन (जास्त काळ दुरुस्त्या मिळालेली) आवृत्ती, ३२-बिट मशीनवरही बसते. गट रंगवणं, क्षेत्रफळ काढणं, छापणं एवढ्याला ती पुरून उरते. प्रिंटर, सवयीचा मराठी कीबोर्ड, सगळं जागच्या जागी राहतं. उणीव नेटवर गेल्यावर कळते. विंडोज ७ची सुरक्षा दुरुस्ती १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, क्रोम १०९च्या पुढे जात नाही, आणि वेबसाइटची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं जुनी असल्यामुळे नकाशाखालचं ऑनलाइन चित्र कधी दिसतं, कधी नाही. नव्या आवृत्तीत केलेला प्रोजेक्ट इथे उघडला तर इशारा येतो आणि काही मांडणी गळू शकते.

दुसरी वाट, त्याच लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही प्रणाली, तिचा एक्सएफसीई हा हलका अवतार. मशीन ६४-बिट हवं. २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळतील आणि त्याच्या प्रोग्रॅमांच्या भांडारातच क्यूजीआयएस ३.३४ आहे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (वेगवान डिस्क) बसवली तर चार जीबीवरही काम सुसह्य होतं; माझ्या मते या सगळ्यात पैसे घालायची खरी जागा तीच. पण ऑटोकॅड हा आराखड्यांचा प्रोग्रॅम इथे चालत नाही. मोजणी यंत्राचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं असेल, किंवा जुनी कागदपत्रं बिगर-युनिकोड मराठी फॉन्टमध्ये असतील, तर अडाल. पेन ड्राइव्हवरून मिंट न बसवताच चालवून बघता येतं. प्रिंटरची परीक्षा तिथेच घ्या.

वाट कुठलीही धरा, माहिती शेपफाईलऐवजी जिओपॅकेजमध्ये ठेवा; दोन्ही नकाशाची माहिती साठवायचे फाईल-प्रकार. शेपफाईलमध्ये रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. ‘मालक’मध्ये म, काना, ल, क अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट: एवढंसं नावही पुरतं मावत नाही. जिओपॅकेजमध्ये ‘मालकाचे नाव’ पुरं लिहा, ते दोन्हीकडे उघडतं. प्रोजेक्ट यूटीएम ४३ उत्तर या नकाशा-मापन पट्ट्यात ठेवा. आपली कोकणची सगळी किनारपट्टी त्यातच येते आणि मापं मीटरात मिळतात. चौरस मीटरला १०१.१७ने भागलं की गुंठे.

लॅपटॉप फक्त नकाशालाच असेल, नेट जोडायचं नसेल आणि फाईल कोणाला पाठवायची नसेल, तर ३.१६ घ्या आणि निर्धास्त वापरा. त्याच मशीनवर बँकेचं काम, सातबारा, मुलांचा अभ्यास होत असेल तर विंडोज ७ नेटवर ठेवू नका, मिंटच टाका.

काकांचं बँकेचं काम त्यावरच चालतं, आणि पुण्याची पुतणी क्यूजीआयएसच्या नव्या आवृत्तीत नकाशे करून पाठवते. म्हणून मिंट. आधी दोन दिवस पेन ड्राइव्हवरून चालवलं. प्रिंटरमधून चारही वाट्यांचा कागद नीट बाहेर आला, जुन्या फाईलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली, आणि मगच विंडोज पुसलं.