पाणचक्कीचं पीठ घ्यावं की रोलर मिलचं?

जुनी, अजून दळणारी पाणचक्की बघायला गेलं की बाहेर पडताना तिथल्या पिठाची पिशवी खुणावतेच. ती घ्यावी की नेहमीचं कारखान्यातलं पीठच बरं, असा प्रश्न असेल तर आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. पाण्याने पीठ बदलत नाही. दगड नदीने फिरवला काय आणि मोटरने फिरवला काय, गव्हाला त्याचा पत्ता नसतो. फरक पडतो तो दाणा दगडांत भरडला जातो की पोलादी रुळांमधून जातो, याने. म्हणजे तुलना खरं तर तिघांची आहे: पाणचक्की, विजेवरचं दगडी जातं आणि रोलर मिल. त्यातल्या पहिल्या दोघांत पिठापुरतं अंतर अगदी थोडं.

गव्हाच्या दाण्यात साधारण ८३ टक्के पांढरा गाभा, १४ टक्के कोंडा आणि दोन-तीन टक्के अंकुर असतो. हा अंकुर एवढासा, पण तेल त्याच्यात. दगडाखाली तो चिरडला जातो आणि त्याचं तेल सगळ्या पिठाला लागतं. दगडावरच्या पिठाचा वास आणि किंचित पिवळसर रंग येतो तो इथून, आणि ते लवकर खवट होतं तेही याच तेलामुळे. नुसती चांगली बाजू सांगणाऱ्या पाटीवर विसंबू नका.

रोलर मिलमध्ये उलटा प्रकार. १८७० च्या दशकात बुडापेस्टच्या गिरण्यांनी ही पद्धत नावारूपाला आणली. खाचांचे रूळ दाणा उघडतात, चाळण्या माल वेगळा करतात, पुढचे गुळगुळीत रूळ गाभा बारीक करतात, पुन्हा चाळणी. अंकुर पिठात मिसळत नाही. तो चपटा होतो आणि चाळणीवर राहतो. म्हणून पांढरं पीठ महिनोन्‌महिने टिकतं. कारखान्यातलं ‘संपूर्ण गव्हाचं’ पीठ बहुतेकदा असे वेगळे केलेले भाग पुन्हा एकत्र करून बनतं. त्यात फसवणूक नाही, पण दाणा अख्खाच्या अख्खा दळला असंही नाही. ब्रिटनमध्ये पांढऱ्या पिठात कॅल्शियम, लोह, आणि थायमिन व नायसिन ही ब गटातली जीवनसत्त्वं घालायची कायद्याने सक्ती आहे. संपूर्ण गव्हाच्या पिठाला ती नाही. कॅल्शियम सोडलं तर काढलेलं काय होतं ते यावरून कळतं.

आता ‘दगडावर थंड दळलेलं’ या जाहिरातीबद्दल. दगडही तापतो, कधी कधी रुळांपेक्षा जास्त. किती तापेल हे चक्कीवाल्याच्या हातात असतं, आणि चक्की बघताना पारखायची गोष्ट हीच. वरचा दगड फिरतो, खालचा जागचा हलत नाही, आणि दोघे एकमेकांना टेकता कामा नयेत. फट मधोमध जास्त, कडेला जेमतेम कागदाएवढी. दगडांवर कोरलेल्या खाचांतून पीठ बाहेर सरकतं आणि थोडी हवाही खेळते. या खाचा झिजल्या आणि वेळेवर टाकी लावून, म्हणजे छिन्नीने ठोकून, पुन्हा कोरल्या नाहीत तर दगड दाणा कापत नाही, नुसता रगडतो. पन्हळीतून पडणारं पीठ बोटांत घेऊन बघा, हरकत नसेल तर. कोमट असेल तर ठीक, चटका देण्याइतकं गरम असेल तर पिशवी राहू द्या.

धान्य सोडायची सोय मात्र बघण्यासारखी असते. हॉपरखाली, म्हणजे धान्य ओतायच्या पेटीखाली, लाकडाची उतरती पन्हळ, तिला दगडाबरोबर फिरणारा चौकोनी दांडा सारखा ठोकत राहतो आणि दाणे वरच्या दगडाच्या मधल्या भोकात पडतात. पाणी जोरात आलं, दगड पळू लागला, की ठोके वाढतात आणि दाणेही आपोआप जास्त पडतात. हॉपरमधलं धान्य संपत आलं की घंटा वाजते, कारण रिकामे दगड एकमेकांवर घासले तर ठिणग्या उडतात, आणि पिठाची धूळ भरलेल्या लाकडी इमारतीत ठिणगी म्हणजे आगीला आमंत्रण.

सातत्याच्या बाबतीत पाणचक्की सपशेल मागे. ओढा आटला की दळण बंद. भरतीच्या पाण्यावरच्या चक्क्यांना तर समुद्राचंच वेळापत्रक. इंग्लंडमधल्या सफोकमध्ये वुडब्रिजला अशी एक आहे, इमारत १७९३ ची. १९५७ मध्ये तिचा लाकडी आस मोडला आणि धंदा थांबला. पुढे दुरुस्ती होऊन ती पुन्हा दळू लागली. अशा ठिकाणी या पिशवीसारखंच पीठ पुढच्या वेळी मिळेल, ही अपेक्षा धरू नये. रोलर मिल वेगवेगळे गहू मिसळून प्रत्येक पोत्यात प्रथिनांचं प्रमाण जवळपास सारखं ठेवते.

त्यामुळे केक, बिस्किटं, नाजूक पदरांची पेस्ट्री करायची असेल तर रोलर मिलचं पीठ घ्या, मनात काही न आणता. जाड, कोंड्याचा, चवीचा पाव हवा असेल तर दगडावरचं. ते पाणी जास्त पितं, कणीक मळल्यावर तिला जरा वेळ मुरू द्यावं लागतं, आणि पाव पांढऱ्या पिठाइतका फुगत नाही, कारण कोंड्याच्या कडा ग्लुटेनचे, म्हणजे कणकेला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, धागे तोडतात. जवळ विजेवरचं दगडी जातं असेल आणि तिथे दगडांना वेळच्या वेळी टाकी लागत असेल, तर निव्वळ पिठासाठी पाणचक्कीपर्यंत जाण्याची गरज नाही.

तरी मी पाणचक्कीची पिशवी घेतो, पण त्याचं कारण पीठ नव्हे. लाकडी चाक बंद पडून राहिलं की खालची बाजू पाण्यात भिजून जड होते, वरची उन्हात सुकते, आणि चाकाचा तोल जातो. ते फिरत राहायचं तर दळण हवं, आणि दळण विकलंही गेलं पाहिजे. फक्त पिशवीवर दळल्याची तारीख बघा, महिन्याभरात संपेल एवढंच घ्या आणि उन्हाळा असेल तर फ्रिजमध्ये ठेवा.