वॉली वुडचा २२ चौकटींचा कागद: फुकट आहे, पण कामाचा आहे का?

आधी किमतीचं सांगतो, शून्य रुपये. '२२ पॅनल्स दॅट ऑल्वेज वर्क' नावाचा एक कागद नेटवर वर्षानुवर्षं फिरतोय, वॉली वुड या अमेरिकन कॉमिक आर्टिस्टचा, कॉमिकची चौकट (म्हणजे पॅनल, पानावरचं एकेक चित्र) कशी काढायची याचे २२ नमुने त्यात आहेत, तो डाऊनलोड करायचा, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ए-थ्रीवर प्रिंट मारून आणायची आणि टेबलासमोर भिंतीला चिकटवायची, झालं. स्वतःचं कॉमिक काढताना दुसऱ्यांच्या कॉमिकमधून नक्की काय घ्यायचं हा प्रश्न ज्यांना छळतो त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू, बाकीच्यांनी पुढे सरकलात तरी चालेल.

वुड म्हणजे ईसी कॉमिक्स या अमेरिकन कंपनीवाला, 'मॅड' या विनोदी मासिकाच्या सुरुवातीच्या अंकांवाला, डेअरडेव्हिल या मार्व्हलच्या सुपरहिरोचा लाल ड्रेस पण त्याचाच. त्याच्या हाताखाली असिस्टंट असायचे, त्यांच्यासाठी त्याने रटाळ चौकटी कशा वाचवायच्या याचे नमुने काढून ठेवले होते. त्यातलाच एक असिस्टंट लॅरी हामा पुढे मार्व्हलमध्ये एडिटर झाला आणि त्याने ती चित्रं एका कागदावर चिकटवून नवीन पोरांना वाटली, तिथून झेरॉक्सची झेरॉक्स होत होत कागद जगभर गेला. कागदाच्या डोक्यावरच लिहिलंय की एखादा मठ्ठ लेखक जेव्हा पानंच्या पानं पात्रांना नुसतं बसवून बोलायला लावतो तेव्हा हे वापरा. माझ्या कॉमिकचा लेखक मीच असल्यामुळे मी ते वाक्य माझ्यापुरतं वाचलंच नाही असं समजतो.

आता माझी गोष्ट अशी की डोंबिवलीतल्या एका सोसायटीची जनरल बॉडी मीटिंग चाललीये, टाकीचा व्हॉल्व्ह रात्री कोण उघडतं यावरून राडा, आणि सगळं कॉमिक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून घडतं. मारामारी नाही, गाडी नाही, कुणी उडत नाही. म्हणजे वुडच्या कागदाची परीक्षा घ्यायला याहून वाईट स्क्रिप्ट मिळणार नाही.

आणि कागद चालतो राव! पाठमोरं डोकं, वरून घेतलेला शॉट, नुसती सावली, चौकटीत चौकट, काळ्या बॅकग्राऊंडवर उजळ माणूस, असे सगळे नमुने छोट्या छोट्या चित्रांत आहेत. चौकटीत चौकट म्हटल्यावर मला लगेच बाल्कनीची ग्रिल दिसली, वॉचमन बाहेरून ग्रिलमधून मीटिंग बघतोय आणि आतल्या लोकांचे तुकडेच दिसतायत. प्रतिबिंबाचा नमुना आहे तो मी खजिनदाराच्या चष्म्यात वापरला, चष्म्याच्या दोन काचांत दोन भांडणारी माणसं. वर्तमानपत्राची एक जुनी युक्ती पण आहे, पात्राच्या हातात पेपर देऊन बातमी वाचकाला दाखवायची, आमच्याकडे पेपरऐवजी नोटीस बोर्डावरची पाणीकपातीची नोटीस आली आणि दोन चौकटींची बडबड एका चौकटीत बसली. सेक्रेटरी काका "अहो जोशी, हे मिनिट्समध्ये घ्या" म्हणतात तिथे मी काकांना दाखवलंच नाही, जोशींचा हात, पेन आणि वहीवर पडलेली काकांची सावली, बस. मला विचाराल तर अख्ख्या कॉमिकमधली सगळ्यात भारी चौकट तीच.

मला हा कागद का आवडला तर तो तुम्हाला वुडसारखं चित्र काढायला शिकवत नाही. त्यातली माणसं तुम्ही विसरून जाता, लक्षात राहतं ते फक्त कॅमेरा कुठे ठेवलाय आणि काळं कुठे भरलंय. नवीन लोक (ऑनलाईन ग्रुपवर रोज दिसतात) आवडत्या मांगातले (म्हणजे जपानी कॉमिकमधले) डोळे उचलतात, केस उचलतात, मग हिरोला कोल्हापूरचा म्हणून कितीही सांगितलं तरी तो तिकडचाच वाटतो, कारण चेहरा ही अशी गोष्ट आहे की ती उचलली की मालकाचं नाव सोबत येतं. कॅमेऱ्याच्या जागेला मालक नसतो. वकिली भाषेत पण साधारण असंच आहे, आपल्याकडे १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने आर. जी. आनंदच्या केसमध्ये सांगितलं की नुसत्या कल्पनेवर कॉपीराईट नसतो, ती ज्या पद्धतीने मांडलीये त्यावर असतो.

अर्थात मोठे लोक सोवळे होते असं कुणी समजू नका. बॅटमॅनची १९३९ ची पहिली गोष्ट लेखक बिल फिंगरने 'द शॅडो' या रहस्यकथांच्या मालिकेतल्या एका गोष्टीवरून घेतली होती आणि चित्रकार बॉब केनने त्यातल्या पोझ इकडून तिकडून उचलल्या होत्या. टिनटिनवाल्या हर्जेला मॅकमॅनस नावाच्या अमेरिकन आर्टिस्टची नाकं आवडायची आणि ती आपण घेतली हे त्याने स्वतःच सांगितलंय. पण नाकंच घेतली ना, त्या नाकामागचं घर, गाडी, बंदर त्याने स्वतः फोटो गोळा करून काढलं. खुद्द वुडच्या नावावर एक वाक्य सांगतात की जे कॉपी करता येतं ते काढू नका, जे ट्रेस करता येतं ते कॉपी करू नका आणि जे कापून चिकटवता येतं ते ट्रेस करू नका. डेडलाईनवाल्या माणसाचा विनोद आहे तो, तुम्ही पहिलंच कॉमिक काढताय तर त्याला सल्ला समजू नका.

आता कुठे कमी पडतो ते. एक म्हणजे गर्दी. कागदातल्या चौकटींत बहुतेक एकदोन माणसंच आहेत आणि जनरल बॉडीला एकदोन माणसं आली तर कोरमच होत नाही! तिथे मी व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं उघडून बसलो. त्यांच्या मुंबईच्या गर्दीत एकही माणूस रिकामा उभा नाही, प्रत्येकाचं काहीतरी वेगळं चाललेलं असतं, तेवढं मी घेतलं. नाकं नाही घेतली, मारिओची नाकं शंभर फुटांवरून ओळखू येतात.

दुसरं, हा कागद एकेक चौकट सुटी देतो, एकीमागे दुसरी कुठली ठेवायची यावर अवाक्षर नाही. सगळ्या युक्त्या एकाच पानात कोंबल्या की वाचकाला घेरी येते, सावली मग प्रतिबिंब मग पाठमोरं मग सावली, आणि साधी पाणीपट्टीची चर्चा खुनाच्या तपासासारखी दिसायला लागते. मी पानाला जास्तीत जास्त दोन युक्त्या ठेवतो, बाकी सरळ समोरून. त्यासाठी वुडपेक्षा आवडत्या कॉमिकचं एक पान घेऊन त्याच्या नुसत्या रिकाम्या चौकटी आणि संवादाच्या फुग्यांच्या जागा कच्च्या पेन्सिलीने उतरवून बघणं जास्त उपयोगी, चित्र अजिबात काढायचं नाही, फक्त डोळा कुठून कुठे जातो ते बघायचं.

आणि फुग्यांवरून आठवलं, मराठीवाल्यांनी हे लक्षात ठेवाच. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात त्यामुळे दोन ओळींमध्ये जागा जास्त लागते, इंग्लिश कॉमिक बघून मापं घेतलीत तर फुगा पात्राच्या कपाळावर येऊन बसतो. म्हणून आधी मजकूर लिहून घ्या, फुगा आखा, मग उरलेल्या जागेत वुडची युक्ती बसते का बघा. 'मोठं डोकं' (चौकटभर चेहरा) हा नमुना मराठी संवादासोबत फारच क्वचित बसतो, सिल्हूट (नुसती काळी आकृती) मात्र मस्त बसतं.

पाचपैकी चार स्टार. प्रिंट काढताना एकच सांगतो, झेरॉक्सवर झेरॉक्स झालेल्या लहान फाईली पण फिरतात, त्यात काळं भरलेलं सगळं गिचमिड होतं आणि या कागदात काळं भरलेलंच तर बघायचंय. हामाचा मूळ चिकटवलेला कागद ज्याने नंतर विकत घेतला त्याने त्याचं मोठं स्कॅन सगळ्यांसाठी ठेवलं होतं, ते शोधा, आणि झेरॉक्सवाल्याला लेझर प्रिंटच द्या म्हणून सांगा.