मुलाच्या नडगीला टेन्स नेल : पाय सपाट की गुंडाळीवर?

पाच ते बारा वर्षांच्या मुलाची नडगी मधोमध मोडलीय, प्लास्टरमध्ये हाड जागेवर राहत नाही आणि टेन्स नेल (हाडाच्या पोकळीत घालायची लवचिक सळई) टाकायचं ठरलंय. नेलची जाडी, शिरायची जागा, ग्रोथ प्लेटपासूनचं (हाड जिथून वाढतं त्या थरापासूनचं) अंतर हे तुम्हाला ठाऊक आहेच. वाद उरतो तो टेबलावरचा. पाय सरळ सपाट ठेवायचा, की गुडघा वाकवून चादरीच्या गुंडाळीवर? मी दोन्ही तऱ्हांनी केलंय आणि हाड दोन्हींत जुळतं. पाय ताणून धरणारं ट्रॅक्शन टेबल मात्र एवढ्या लहान मुलांसाठी मी विचारातच घेत नाही.

तयारी दोन्हीकडे तीच. जेवण 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. दुपारच्या केसला ‘रात्री बारानंतर काही नाही’ हा हुकूम पोराला उगाच रडवतो. पोटरी ताठलेली नाही ना, बोटं हलतायत ना, हे भूल देण्यापूर्वीच बघायचं. आधाराला बांधलेला प्लास्टरचा स्लॅब भुलीनंतरच काढायचा. टूर्निकेट (रक्त थांबवायचा फुगणारा पट्टा) कापसावर बांधून ठेवतो, फुगवायची वेळ क्वचितच येते. पोर आखूड असतं, त्यामुळे डोकं नेहमीच्या जागी ठेवलं की नडगी नेमकी टेबलाच्या लोखंडी खांबावर येते आणि सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) आत शिरत नाही. म्हणून त्याला पायथ्याकडे सरकवावं लागतं. भूलयंत्राची नळी पुरत नाही म्हणून भूलतज्ज्ञ कुरकुरतात, पण हे भुलीआधीच बोलून घेतलं की निभतं.

सपाट पद्धतीत थिएटरमधल्या मामांना (मदतनीसांना) काही समजावावं लागत नाही. एपी, म्हणजे समोरून घेतलेला एक्स-रे, सरळ मिळतो. दोन्ही पाय ड्रेपमध्ये (निर्जंतुक आच्छादनात) घेतले तर गुडघ्याची वाटी आणि पावलाचं दुसरं बोट चांगल्या पायाशी ताडून फिरकी, म्हणजे हाड पिळून जुळलंय का ते, बघता येते. हा फायदा लहान नाही, कारण थोडा बाक वाढीबरोबर भरून येतो, फिरकी सहसा येत नाही.

माझं घोडं अडतं ते लॅटरलला, म्हणजे बाजूच्या एक्स-रेला. पहिल्या नेलचं वाकडं टोक फ्रॅक्चरच्या रेषेशी आलंय, एपीत सगळं छान दिसतंय, आता फक्त बाजूनं बघायचंय. सी-आर्म आडवा केला तर दुसरा पाय चित्रात येतो. मग असिस्टंट गुडघ्यातून पाय बाहेर वळवतो आणि कष्टानं जुळवलेलं हाड तेवढ्यात सुटतं. पुन्हा जुळवा, पुन्हा एपी, पुन्हा वळवा. दर फेरीला आणखी एक्स-रे मारावे लागतात ते वेगळंच. ओटीत माझा आवाज चढला असेल तर बहुधा याच वेळी.

गुंडाळीवर ही कटकट जवळजवळ संपते. गुडघ्याखाली ठेवायचा तयार ट्रँगल मोठ्यांच्या मापाचा असतो, लहान पोराची टाच त्यावर लोंबकळते. त्यापेक्षा निर्जंतुक चादरीची घट्ट गुंडाळी बरी. ती मांडीच्या खालच्या टोकाशी द्यायची, गुडघ्यामागच्या खळग्यात नाही, कारण तिथं रक्तवाहिन्या दबतात. पाय वर उचललेला राहतो, दुसरा खाली सपाट, आणि आडवा सी-आर्म मधून निघून जातो. पायाला कुणी हात लावत नाही.

उणिवा यातही आहेत. फ्रॅक्चर मागे लोंबतं, त्याखाली टॉवेलची घडी किंवा कुणाचा तरी तळहात लागतो. नडगी तिरकी असल्यानं एपीसाठी सी-आर्म थोडा कलता करावा लागतो, टेक्निशियनला हे आधी सांगितलेलं बरं. फिरकीचा अंदाजही सपाटइतका सहज येत नाही. नेल आत गेल्यावर मी गुंडाळी काढून एकदा ताडून बघतो.

तुमचे असिस्टंट मुरलेले असतील तर सपाटनंही भागेल, अनेकांचं भागतंच. पण रात्रीच्या केसला नवा रेसिडेंट समोर असेल तर मी गुंडाळीच मागेन. फ्रॅक्चर घोट्याजवळ असेल किंवा जखम उघडी असून भरपूर धुवायची असेल, तर मात्र मीही पाय सपाटच ठेवतो.