पद्मिनीचे विशबोन: पावडर कोटिंग की इपॉक्सी-पीयू?

जुनी प्रीमियर पद्मिनी स्टँडवर, विशबोन (पुढच्या चाकांना धरणारे सस्पेन्शनचे आर्म) सुटे झालेले, आणि आता पावडर (भट्टीत भाजून बसवलेली रंगाची भुकटी) की पेंट (इपॉक्सी प्रायमरवर पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन रंग) यावर घोडं अडलंय. ‘आयुष्यभर गंज नाही’ हे दोन्हीकडचे सांगतात, ते सोडून द्या.

ब्लास्टिंग (वाळूसारख्या कणांचा मारा करून जुना रंग-गंज काढणं) दोन्हींना लागतंच. नाशिकच्या पावसाळी हवेत ब्लास्ट केलेलं उघडं लोखंड काही तासांत तांबूस पडतं, त्यामुळे पहिला थर त्याच दिवशी चढवा.

पावडर साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसवर भाजतात, म्हणून रबरी बुश आधी काढायचे. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत काम पटकन होतं, थर कडक बसतो. पण खड्याने टवका उडाला की पाणी थराखाली सरकतं. वरून चकचकीत, नखाने उचकटलं की पापुद्रा आणि आत गंज. त्याहून वाईट चूक मास्किंगची, म्हणजे पावडर नको त्या जागा आधी झाकण्याची. बोल्ट बसतो तिथे पावडर राहिली तर ती हळूहळू दबते आणि बोल्ट ढिला पडतो. आटे आणि बसण्याच्या जागा खडूने खुणा करून द्या.

इपॉक्सी प्रायमरवर पीयूला मेहनत जास्त. टवका मात्र घरी घासून ब्रशने भरता येतो. (पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं, फवारताना कापडी मास्क कामाचा नाही.)

कॉइल स्प्रिंगला झिंक प्लेटिंग नकोच: प्लेटिंगच्या वेळच्या ॲसिडमधला हायड्रोजन पोलादात शिरून ती तडकू शकते. मागच्या लीफ स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधे ग्रीस लावा.

प्रदर्शनापुरती निघणारी गाडी असेल तर पावडर. कसारा घाटातून पावसात पळवणार असाल तर इपॉक्सी-पीयू.