तोक्योहून भाचरांसाठी तामागोच्ची: जुना की नवा?

दिवाळीला पुण्याला जायचं ठरलं की भाचरांचा निरोप येतो, "मावशी, तामागोच्ची आण." तामागोच्ची म्हणजे मुठीत मावणाऱ्या पडद्यावर पाळायचं इलेक्ट्रॉनिक पिल्लू. मग तोक्योत अकिहाबारातल्या योदोबाशी कॅमेरा या दुकानाच्या खेळण्यांच्या मजल्यावर किंवा हाराजुकूच्या किडी लँड या खेळण्यांच्या दुकानात मी तामागोच्चींनी भरलेल्या भिंतीसमोर उभी राहते. पंचवीस रंग, पाच-सहा जाती, आणि प्रत्येक डब्यावर जपानी मजकूर. तोक्योतल्याच निशीकसाई भागातल्या मैत्रिणीही हेच विचारतात, म्हणून माझा अनुभव लिहितेय.

पहिल्या खेपेला मी रंगीत पडद्याला भुलले. ते मॉडेल फक्त जपानी बोलणारं होतं. भाची आठवडाभर व्हिडिओ कॉलवर पडदा माझ्यासमोर धरून विचारत राहिली, "मावशी, आता हे काय म्हणतंय?" पुढच्या आठवड्यात ते खणात गेलं. तेव्हापासून मी रंग नंतर बघते, भाषा आधी. डब्यावरची भाषा विक्रेत्याला विचारून घ्या, त्यात संकोच करू नका. जपानसाठीचं मॉडेल आणि बाहेरच्या देशांसाठीचं मॉडेल दिसायला सारखं असलं तरी आतली भाषा वेगळी असू शकते. मनगटावर बांधायचा तामागोच्ची स्मार्ट तर फक्त जपानसाठीच निघाला होता. कुणी जुन्यात विकत असेल तर जपानी न वाचणाऱ्या मुलासाठी घेऊ नका.

आता जुना, म्हणजे मूळ तामागोच्ची. बंदाई या खेळण्यांच्या कंपनीने तो २३ नोव्हेंबर १९९६ ला जपानात आणला. तामागो म्हणजे अंडं. तोच छोटा अंडाकृती खेळ आज पुन्हा मिळतो: काळा-पांढरा पडदा, तीन बटणं, साखळी. घड्याळ लावलं की पाच मिनिटांत अंडं फुटतं आणि पिल्लू बाहेर येतं. मग त्याला भरवायचं, शी काढायची, दिवा मालवायचा, आजारी पडलं तर औषध द्यायचं, उगाच हाका मारत असेल तर दटावायचं. सगळा कारभार चित्रांवर चालतो, त्यामुळे एकदोन जपानी शब्द मध्ये आले तरी मूल दोन दिवसांत सरावतं. याच्या दोन पिढ्या आहेत. पिल्लाबरोबर खेळताना पहिलीत ते डावीकडे वळेल की उजवीकडे ते ओळखायचं, दुसरीत पुढचा आकडा मोठा येईल की लहान ते. नुकते आकडे शिकलेल्या मुलाला मी दुसरीच देते.

याची खरी अडचण शाळेची. सकाळी सात ते दोन पिल्लू उपाशी राहिलं तर मूल घरी येऊन रडतं, आणि ते रडणं खोटं नसतं. घड्याळाच्या पडद्यावर पहिलं आणि तिसरं बटण एकदम दाबून वेळ लावायच्या ठिकाणी तसंच सोडून दिलं की पिल्लाचा काळ थांबतो. ही युक्ती भेटवस्तूबरोबर आईबाबांना सांगाच. दुसरी काळजी सेलची. यात सीआर२०३२ हा नाण्यासारखा चपटा सेल असतो आणि तो गिळला तर जीवावर बेततं. घरात रांगणारं बाळ असेल तर मी हा तामागोच्ची देत नाही. झाकणाला स्क्रू आहे, पण दादा-ताई सेल बदलायला बसले की तो चपटा सेल जमिनीवर पडतोच.

नवा म्हणजे २०२३ चा तामागोच्ची युनी. रंगीत पडदा, मनगटाचा पट्टा, यूएसबी-सीवर चार्जिंग आणि वायफाय. जगभरातली पिल्लं एका आभासी जगात भेटतात, नवे सण-समारंभ उतरवून घेता येतात. दहा-बारा वर्षांच्या मुलीला हा मूळ खेळापेक्षा कितीतरी जास्त दिवस पुरतो. पण घरच्या वायफायला २.४ गिगाहर्ट्झचा बँड लागतो, आणि कुणा मोठ्याने पहिली जोडणी करून द्यावी लागते. आजी-आजोबांच्या घरी सुट्टीला आलेल्या मुलासाठी हे जमेलच असं नाही. किमतीत मोठा फरक आहे: अमेरिकेत मूळ तामागोच्ची १९.९९ डॉलरला मिळत असताना युनी ५९.९९ ला बाजारात आला. एका युनीच्या पैशात दोघा भावंडांना मूळचे दोन येतात आणि वर पैसे उरतात. भावंडं दोन असतील तर मी नेहमी दोनच घेते. एकच नेला तर आनंदापेक्षा भांडणं जास्त होतात.

मधला पर्याय २०२५ चा तामागोच्ची पॅराडाइज. त्याची चकती फिरवली की अख्ख्या ग्रहापासून पिल्लाच्या पेशीपर्यंत आत-बाहेर जाता येतं. विज्ञानाची गोडी असलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे फार आवडेल. तामागोच्चीसारखाच पण ताकारा तोमी या दुसऱ्या कंपनीचा खेळ म्हणजे पुनिरुन्झ; त्यात खाचेत बोट घालून पिल्लाला कुरवाळता येतं. हा खेळ मला मनापासून आवडतो, पण त्याचीही बाहेरच्या भाषेतली आवृत्ती मिळाली तरच घ्या.

जपानात पाहुणे म्हणून आला असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा; करमुक्त खरेदी इथे राहणाऱ्यांना नाही, पाहुण्यांनाच मिळते. करमुक्त खरेदीसाठी एका दुकानात एका दिवशी करापूर्वीची किंमत किमान ५,००० येन व्हावी लागते. एकटा मूळ तामागोच्ची तिथे पोचत नाही, म्हणून सगळ्या भाचरांची खरेदी एकत्र करा. १ नोव्हेंबर २०२६ पासून मात्र आधी कर भरायचा आणि देश सोडताना परत घ्यायचा, अशी पद्धत येणार आहे. युनी हातातल्या सामानात ठेवा, त्यात चार्ज होणारी बॅटरी असते. कुरिअरने पाठवायचा विचार करत असाल तर थांबा. भारताने खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेली. तेव्हापासून मी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातीच पाठवते.

यंदा मोठ्या भाचीसाठी युनी घेतलाय, आणि धाकट्या दोघांसाठी दुसऱ्या पिढीचे दोन, एक निळा आणि एक पिवळा.