घरी बनवलेले जीटी३ स्टिअरिंग व्हील : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी संगणकावरील शर्यतींसाठी जीटी३ (स्पोर्ट्स गाड्यांपासून केलेल्या शर्यतीच्या गाड्यांचा वर्ग) गाडीच्या धाटणीचे स्टिअरिंग व्हील घरी तयार केले आणि नोव्हेंबरपासून जुलैअखेरपर्यंत आठवड्यातून चार-पाच रात्री तेच वापरले. बाहेरचा व्यास ३०० मिमी, वरची बाजू उघडी, दोन्ही हातांसाठी स्वतंत्र मुठी, पुढे दहा बटणे आणि चार रोटरी एन्कोडर (टिचक्यांनी फिरणाऱ्या गोल कळा), मागे दोन पॅडल शिफ्टर (गिअर बदलण्यासाठी बोटांनी ओढायच्या पट्ट्या), असे त्याचे स्वरूप आहे. ते लॉजिटेक जी२९ च्या बेसवर, म्हणजे तयार चाकाच्या मोटर असलेल्या भागावर, बसवले आहे. या बेसमध्ये मोटरचा जोर गिअरमधून चाकापर्यंत येतो आणि चाक ९०० अंशांत फिरते. मी प्रामुख्याने ‘असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने’ खेळतो, त्यामुळे पुढचा अनुभव मुख्यतः त्यातील जीटी३ गाड्यांचा आहे. दोन गोष्टी आधीच सांगणे आवश्यक आहे. मूळ चाक काढल्यावर बेसच्या वॉरंटीवर पाणी सोडावे लागते. शिवाय असे घरगुती चाक संगणकाला जॉयस्टिक म्हणून दिसते, प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स त्याला ओळखत नाहीत.

सर्वांत जास्त शिकवले ते हबने, म्हणजे बेस आणि चाक यांना जोडणाऱ्या तुकड्याने. पहिला अडॅप्टर मी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये छापून घेतला होता. दिसायला तो भक्कम होता, परंतु बोल्ट कसून आवळल्यावर पीएलए त्या दाबाखाली सावकाश दबत जाते आणि बोल्टचा ताण उतरतो. सहा आठवड्यांत चाक मध्यावर असताना मुठीपाशी दोन-तीन मिलिमीटरचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवू लागला. सरळ रस्त्यावर गाडी स्थिर ठेवण्यासाठी हाताला जी बारीक दुरुस्ती सतत करावी लागते, ती नेमकी या दोन मिलिमीटरांत हरवून जाते. मी दर रविवारी बोल्ट आवळत राहिलो आणि जानेवारीत एका बोल्टच्या भोकापासून, छपाईचे दोन थर जुळतात त्या रेषेवरच, अडॅप्टर चिरला.

तेव्हा ॲल्युमिनियमचा अडॅप्टर करून घेण्यासाठी मी शिवाजी उद्यमनगरात गेलो. कोल्हापुरात राहण्याचा या छंदातील सर्वांत मोठा लाभ हाच आहे की एकाच नगाचे काम घेऊन गेले तरी लेथवरचा माणूस हाकलून देत नाही, उलट कागद हातात घेऊन दोन प्रश्न विचारतो. माझ्या ड्रॉइंगवर ७० मिमी पीसीडीवर (भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) एम५, म्हणजे ५ मिमीच्या बोल्टची, सहा भोके होती, कारण शर्यतीच्या पुष्कळ चाकांना हेच माप चालते आणि उद्या तयार चाक घेतले तरी ते याच हबवर बसावे अशी माझी इच्छा होती. मिस्त्रींनी भोकांवर बोट ठेवले आणि म्हणाले, “बोल्टावर सेंटर धरायचं नसतंय. बोल्ट नुसतं आवळायला. मधी स्पिगॉट काढूया, चाक त्याच्यावर बसू दे.” भोके बोल्टपेक्षा थोडी मोठीच ठेवावी लागत असल्यामुळे केवळ बोल्टांवर बसलेले चाक कधीच अचूक मध्यावर येत नाही, आणि पूर्ण फेरी फिरवली की ते किंचित लंगडत फिरते. माझे पहिले चाक तसेच फिरत होते आणि मी तो दोष बेसचा समजत होतो. मधोमध अडीच मिलिमीटर उंचीचा गोल स्पिगॉट (वर आलेला उंचवटा), त्यावर हाताने दाबल्यास बसेल एवढ्याच मापाचे चाकाच्या मधल्या धातूच्या पट्टीतील भोक, आणि बोल्टांना मध्यम ताकदीचे थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव), एवढ्याने तो प्रश्न कायमचा मिटला. जानेवारीनंतर मी हबला पाना लावलेला नाही. या कामाला १,३०० रुपये लागले आणि एकूण खर्चातील सर्वांत योग्य जागी गेलेले पैसे हेच आहेत, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा धडा वजनाचा. पहिल्या आवृत्तीत मी चाक मजबूत व्हावे म्हणून ५ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी घेतली आणि मुठी शंभर टक्के भरीव छापल्या. चाकाचे वजन १,७४० ग्रॅम भरले. हातात धरल्यावर ते खऱ्या गाडीतील वस्तूसारखे वाटत होते, आणि त्या पहिल्या आठवड्यात मी फार खूश होतो. मात्र गाडी चालवताना काहीतरी मंद झाल्यासारखे वाटू लागले. जी२९ सारख्या बेसच्या मोटरची ताकद मर्यादित असते. तिला चाकाचे वजन आधी हलवावे लागते आणि त्यानंतरच रस्त्याची खबर हातापर्यंत पोहोचते. मागची चाके घसरायला लागल्याची पहिली बारीक थरथर या जडपणात बुडून जात होती आणि मला गाडी फिरल्यावरच कळत होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. फिरणाऱ्या वस्तूचे जडत्व अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून अक्षापासून १४० मिमीवर असलेल्या मुठीतील १०० ग्रॅम हे ३५ मिमीवरच्या हबमधील १०० ग्रॅमच्या सोळा पट भारी पडतात. त्यामुळे वजन कमी करताना मी हबला हात लावला नाही. मुठी चार भिंती आणि आत ३० टक्के भराव ठेवून पुन्हा छापल्या, पट्टी ३ मिमीची केली आणि तिला मुठींच्या बाजूने मोठी भोके पाडून घेतली. दुसरी आवृत्ती १,१९० ग्रॅमची झाली. त्या रात्री स्पा-फ्रँकोरशॉंच्या ट्रॅकवर ओ रूजच्या चढावर गाडीचा मागचा भाग सैल होताना मला तो हातात आधी आणि पडद्यावर नंतर कळला. डायरेक्ट ड्राइव्हचा, म्हणजे चाक थेट मोटरला जोडलेला, ताकदवान बेस असणाऱ्याला हे वजन एवढे छळणार नाही, पण गिअर किंवा बेल्टवर चालणाऱ्या बेससाठी चाक करणाऱ्याने वजनकाटा शेजारी ठेवूनच आराखडा काढावा.

विजेच्या जोडणीसाठी मी प्रो मायक्रो हा बोर्ड वापरला आहे. त्यावरील एटीमेगा३२यू४ या चिपमध्ये यूएसबीची सोय मुळातच असल्यामुळे संगणकाला तो थेट जॉयस्टिक म्हणून दाखवता येतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. बोर्डावर वापरण्याजोग्या १८ पिना आहेत. चार एन्कोडरना आठ, आणि दहा बटणे, दोन पॅडल व एन्कोडर दाबण्याचे चार स्विच अशा सोळा स्विचांच्या चार बाय चार जाळीला (चार आडव्या व चार उभ्या तारा, प्रत्येक छेदावर एक स्विच) आठ पिना लागल्या, त्यामुळे हिशेब छान बसला. सुरुवातीला मात्र मी या जाळीत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) घातले नव्हते, आणि ती चूक भर शर्यतीत उघडी पडली. गिअर बदलण्यासाठी पॅडल ओढलेले असताना, हेडलाइट चमकावण्याचे आणि रेडिओचे बटण एकाच वेळी दाबले गेले, आणि कोणीही न दाबलेले पिट लिमिटरचे, म्हणजे दुरुस्तीच्या मार्गिकेसाठी (पिट) वेग कमी ठेवणारे, बटण लागले. सरळ रस्त्यावर, मागे दोन गाड्या असताना, माझी गाडी पिटच्या वेगावर आली. जाळीत चौकोनाचे तीन कोपरे एकाच वेळी जोडले गेले की वीज उलट्या वाटेने फिरून चौथा कोपराही दाबल्यासारखा दाखवते, हे मला वाचून माहीत होते, पण तीन बटणे एकत्र दाबण्याची वेळ येणार नाही असे मी गृहीत धरले होते. प्रत्येक स्विचला १एन४१४८ हा डायोड लावल्यावर तो प्रकार एकदाही घडलेला नाही. डायोडची काळी रेघ सर्व ठिकाणी एकाच दिशेला ठेवावी, कारण एखादा उलटा बसला तर ते बटण मुळीच चालत नाही. पुढे मी दोन्ही पॅडल जाळीतून काढून उरलेल्या दोन पिनांवर स्वतंत्रपणे घेतली, म्हणजे सर्वांत महत्त्वाचे स्विच इतरांच्या भानगडीतून मोकळे झाले.

एन्कोडरचा उपयोग मी ट्रॅक्शन कंट्रोल (चाके जागीच घसरू न देणारी यंत्रणा), एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा), ब्रेक बायस (पुढच्या व मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी) आणि इंजिनाचा मॅप (इंजिन कसे चालावे याची ठेवण) बदलण्यासाठी करतो. पहिल्या महिन्यात चार टिचक्या फिरवल्यावर खेळात दोनच मोजल्या जात होत्या. सेकंदाला ६० चित्रांच्या वेगाने चालणारा खेळ साधारण १७ मिलिसेकंदांनी एकदा बटणाकडे पाहतो, आणि माझ्या प्रोग्रॅममधील बटण त्याहून कमी वेळ दाबलेले राहत होते. तो वेळ ४० मिलिसेकंद केल्यावर मोजणी बरोबर झाली.

पॅडलविषयी मला विशेष आस्था आहे. फॉर्म्युला वनमध्ये चाकामागून गिअर बदलण्याची पद्धत १९८९ साली फेरारी ६४० या गाडीने आणली, जॉन बर्नार्ड यांनी ती गाडी रचली होती आणि नायजेल मॅन्सेल यांनी ब्राझीलमधील पहिल्याच शर्यतीत तिला विजय मिळवून दिला. तेव्हापासून शर्यतीच्या गाडीचा गिअर बोटांच्या टोकांवर आला, आणि संगणकावरील शर्यतीच्या चाकातही सर्वांत जास्त राबणारा भाग हाच असतो. तासाभराच्या शर्यतीत मी हजाराच्या आसपास वेळा पॅडल ओढतो. माझी रचना चुंबकाची आहे, पॅडल एका निओडिमियम चुंबकाला चिकटून असते, ओढल्यावर ते झटक्याने सुटते आणि मागचा मायक्रोस्विच दाबला जातो. चुंबकाची ओढ अंतर वाढताच वेगाने कमी होत असल्यामुळे स्पर्श ठरवण्याची सारी कळ चुंबक आणि लोखंडी तुकडा यांमधल्या फटीत आहे. मी ती स्क्रूने कमी-जास्त करता येईल अशी ठेवली, आणि अनेक रात्री अर्ध्या मिलिमीटरने पुढे-मागे करून आता जवळपास एक मिलिमीटरवर स्थिर केली आहे. त्यामुळे गिअर चुकून पडत नाही आणि दोन तासांनंतरही बोटे दुखत नाहीत. आवाज मात्र मोठा होतो. शेजारच्या खोलीत आई झोपत असल्यामुळे पॅडल परत येऊन आदळते त्या जागी मी पातळ रबर चिकटवले, त्याने आवाज निम्म्यावर आला.

मुठींवर प्रथम मखमलीसारखे कृत्रिम कापड ऑनलाइन मागवून चिकटवले होते. घामाने तीन महिन्यांत त्याच्या कडा सुटल्या. मग मी चप्पल लाइनमधील एका कारागिरांकडे मुठी घेऊन गेलो. माझी कल्पना अशी होती की कोल्हापुरी चपलेचेच कातडे वापरावे, परंतु त्यांनी ते हातात देऊन दाखवले आणि समजावले की चपलेचे कातडे जाड व ताठ असते, एवढ्या वळणावर ते बसणार नाही, येथे शेळीचे मऊ कातडे हवे. त्यांनी शिवण तळहाताच्या बाजूला न आणता मुठीच्या आतल्या कडेला घेतली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने ती हाताने शिवली. या कामाचे ८५० रुपये झाले. आता पाच महिने झाले आहेत, अंगठ्यांच्या जागी कातडे काळपट आणि गुळगुळीत झाले आहे, पण एकही टाका सैल नाही. जुलैतील संततधारेत, पंचगंगेच्या पातळीच्या बातम्या रोज येत होत्या त्या दिवसांत, चार दिवस चाक कपाटात राहिले आणि कातड्यावर पांढरी बुरशी आली. कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवल्यावर ती गेली. तेव्हापासून पावसाळ्यात चाक कपाटात ठेवणे मी बंद केले आहे.

उन्हाचा अनुभव याहून महाग पडला. एप्रिलमध्ये इचलकरंजीच्या मित्राला दाखवण्यासाठी चाक नेले आणि दुपारी दोन तास बंद गाडीच्या मागच्या सीटवर ठेवले. पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि उन्हात उभ्या गाडीत तेवढे तापमान सहज होते, त्यामुळे उजव्या पॅडलचे घर वाकडे होऊन स्विच दाबलेलाच राहिला. आता सर्व छापील भाग पीईटीजी या प्लास्टिकचे आहेत, ते सुमारे ८० अंशांपर्यंत आकार धरून राहते. पहिल्यापासून तेच वापरले असते तर भाग दोनदा छापण्याचा एक फेरा वाचला असता.

केबलने मला एकदाच दगा दिला. चाक दोन्ही बाजूंना फिरताना साधी यूएसबी केबल बोर्डाजवळ पिळली जात होती, आणि फेब्रुवारीत तिने प्रो मायक्रोवरील मायक्रो यूएसबीचा सॉकेट बोर्डापासून उचकटून काढला. हा सॉकेट या बोर्डाचा ठाऊक असलेला कच्चा दुवा आहे. नव्या बोर्डावर तो इपॉक्सीने पक्का केला, गुंडाळीची केबल घेतली आणि चाकाच्या मागे चार पिनांचा गोल जीएक्स१२ कनेक्टर बसवला, जेणेकरून ओढ बसली तरी ती पट्टीवर बसावी, बोर्डावर नव्हे.

गिअर बदलण्याची वेळ दाखवणारे आठ दिवे मी मार्चमध्ये जोडले. ते सिमहब या प्रोग्रॅमवर चालतात. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात प्रत्येक डब्ल्यूएस२८१२बी दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेतो, म्हणजे आठांचे ४८० होतात आणि यूएसबी २.० च्या ५०० च्या मर्यादेला ते टेकतात, म्हणून प्रकाश एक चतुर्थांशावर ठेवला आहे. अंधाऱ्या खोलीत तेवढा पुरतो. चाकावर पडदा बसवण्याचा विचार मी सोडून दिला, कारण समोर मोठा मॉनिटर असताना त्याकडे नजर जात नाही आणि त्याचे वजन मात्र रोज फिरवावे लागते.

सध्याच्या चाकाला एकूण ८,५५० रुपये लागले आहेत. चुकलेली पट्टी, वाकलेले भाग आणि मोडलेला बोर्ड धरून आणखी ३,१०० रुपये गेले. वेळ म्हणाल तर सुमारे दहा रविवार.

दोन गोष्टी अद्याप मनासारख्या नाहीत. ब्रेक बायसचा एन्कोडर दमट हवेत कधी कधी उलट दिशेची एक टिचकी देतो. त्याच्या जागी धातूच्या दांड्याचा, अधिक घट्ट टिचकीचा एन्कोडर मागवला आहे. दुसरे म्हणजे डावी मूठ माझ्या हाताला एक-दोन मिलिमीटर जाड वाटते. कोल्हापूरजवळच्या मोहितेंच्या कार्टिंग ट्रॅकवर कार्ट चालवली तेव्हा तिच्या बारीक मुठीवर हातमोज्यासह बोटे पूर्ण वळत होती आणि मनगट हलके राहत होते. ते माप मी घरी आल्यावर दोरीने आठवून कागदावर घेतले आहे. नव्या मुठीचा आराखडा झाला आहे, आणि गणपतीनंतर ती छापून पुन्हा त्याच कारागिरांकडे शिवायला द्यायची आहे.