तीन दिवसांत मुरुमं गेली, तेव्हाच शंका यायला हवी होती

आमच्या फ्रिजच्या दारात लिंबं ठेवायचा खण आहे. त्या लिंबांशेजारी ती डबी सहा महिने होती. पांढरी, प्लॅस्टिकची, सोनाराकडे कानातलं घालून देतात तेवढी. वर नाव नाही, पत्ता नाही, तारीख नाही. झाकणावर निळ्या बॉलपेननं फक्त 'रात्री' लिहिलेलं. देणाऱ्या ताईंनी बजावलं होतं, "यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही जी, बाहेर ठेवली तर नासेल." मला ते लगेच पटलं. बाजारचं महिनोन्महिने टिकतं आणि घरचं लोणी फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, एवढीच अक्कल मी लावली.

गेल्या वर्षीची गोष्ट. लेक अकरावीत. गालांवर आणि कपाळावर मुरुमं एवढी वाढली की ती घरातसुद्धा स्कार्फ बांधून बसायला लागली. धरमपेठेतल्या एका स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी साधा फेसवॉश आणि रात्री लावायला अॅडापॅलीनची जेल दिली. संपूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढीच. आठ ते बारा आठवडे लागतील, सुरुवातीला चेहरा कोरडा पडेल, साल निघेल, हेही सांगितलं. मी मान डोलावली. दुसऱ्या आठवड्यात नाकाच्या बाजूनं साल निघाली, आणि "औषध बाधलं" म्हणून मीच जेल बंद केली. डॉक्टरांना फोन करायचंही सुचलं नाही.

मग घरचं सुरू झालं. मार्चमध्ये मृग बहाराची संत्री घरात होतीच. साली गच्चीवर वाळवून मिक्सरमधून काढल्या. इतवारीतून मुलतानी माती आणि मंजिष्ठा आणली. सासूबाई दुधात जायफळ उगाळून द्यायच्या. कुणी टूथपेस्ट लावायला सांगितली, तीही लावून झाली. आणि बेसनात लिंबू, ते तर रोजच. मे महिना, नागपूरचं ऊन, पारा 45 च्या घरात, आणि ही लिंबू लावलेला चेहरा पुसून क्लासला निघायची. जूनपर्यंत मुरुमं होती तिथेच राहिली आणि वर काळपट चट्टे आले. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) दोनच्या आसपास आणि आपल्या त्वचेचा पाचच्या आसपास, शिवाय लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी होऊन डाग पडतात, हे मला डिसेंबरात कळलं. तोवर घरचं म्हणजे निरुपद्रवी, असंच मी धरून चालले होते.

ताईंचं नाव भिशीत निघालं. आमच्या वरच्या काकूंनी काढलं. "अवो, काहून रडवता पोरीले? सक्करदऱ्याकडे एक ताई आहेत, घरीच करतात सगळं. माझ्या भाचीचा चेहरा पाहा, काच झाला काच!" भाचीचा फोटो फिरला. खरोखरच काच.

ताई वागायला इतक्या साध्या की शंकेला जागा नाही. घराच्या पुढच्या खोलीत सतरंजी, कोपऱ्यात कोरफडीच्या कुंड्या, बरण्यांमध्ये कडुनिंबाचा पाला, हळकुंडं, चंदनाची खोडं. त्यांनी लेकीच्या हाताची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि "पोटात उष्णता आहे" म्हणाल्या. पहिल्यांदा फक्त उटणं दिलं, 450 रुपयांचं, आणि काढ्याची पावडर, 350 ची. तीन आठवड्यांनी फरक नाही म्हणून परत गेले तर त्याच म्हणाल्या, "हौ, जुनं आहे हे, उटण्यानं नाही जायचं. आता मलम द्यावं लागेल." आतल्या खोलीतून डबी आली. ती बनताना मी कधीच पाहिली नाही. उटणं मात्र माझ्यासमोर चाळून दिलं होतं. हा सगळा डाव मला आता दिसतो. कुंड्या, बरण्या आणि उटणं डोळ्यांना दाखवायला होते, काम करणार होती ती डबी.

मलम फिकट पिवळं होतं. झाकण उघडलं की चंदनाचा वास. बोटावर घेतलं की मेणासारखं गुळगुळीत, एक कणही हाताला लागत नव्हता. घरी वाटलेल्या हळद-चंदनाची खरखर जिनं आयुष्यभर अनुभवली, तिला हे खटकायला हवं होतं. पण तिसऱ्या दिवशी सकाळी लेक आरशासमोरून ओरडली, "आई, बघ!" लाली गेलेली, फुगलेली मुरुमं बसलेली. आठवड्याभरात रंगही उजळला.

खरं सांगते, त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली.

पुढचे सहा महिने कौतुकाचे. कॉलनीत, लग्नाकार्यात, शाळेतल्या मैत्रिणींच्या आया, सगळ्या विचारायच्या, काय लावता? आणि मी सांगायचे. नुसती सांगायचे नाही, आणून द्यायचे. ताईंचा नियम होता, तीन नवीन गिऱ्हाईकं आणली की एक डबी फुकट. मी तीन आणली. ऑफिसातल्या दोघी आणि वर्ध्याची माझी नणंद. पहिल्या दोन डब्या मला 600 ला पडल्या, मग भाव 900 झाला. "केशर महागलं," ताई म्हणाल्या. अशा पाच घेतल्या. सगळे पैसे फोनवरून, ताईंच्या नव्हे तर कुणा तिसऱ्याच माणसाच्या नावावर. पावती कधीच नाही.

मधेमधे काही दिसत होतं. उन्हात दोन मिनिटं उभी राहिली की लेकीचे गाल टोमॅटोसारखे व्हायचे. गालांवर बारीक लव वाढली. मी म्हटलं, वय आहे, येते लव. पार्लरमध्ये नेऊन काढून घेतली आणि विषय संपवला.

डिसेंबरात माहेरी अमरावतीला लग्न होतं. पाच दिवस गेलो. डबी फ्रिजमध्येच राहिली. तिसऱ्या दिवशी हळदीच्या कार्यक्रमात लेक म्हणाली, चेहरा जळतोय. मला वाटलं हळदीनं असेल. चौथ्या दिवशी सकाळी पाहते तर कपाळापासून हनुवटीपर्यंत लालभडक, आणि त्यावर पुवाचे बारीक बारीक फोड. पूर्वी कधी मुरुमं नव्हती तिथेसुद्धा. नुसतं पाणी लागलं तरी कळवळायची. लग्नाचे फोटो निघाले त्यात ती एकाही फोटोत नाही.

ताईंना फोन केला. त्या अजिबात गडबडल्या नाहीत. "मलम थांबवलं ना? मग येणारच. आतली उष्णता बाहेर पडून राह्यली, चांगलं लक्षण आहे. शुद्धीचा कोर्स करून घ्या, 3,000 रुपये." मी पाठवले. रडणारी लेक समोर असताना, ज्यानं आधी गुण आला त्याच्याकडेच माणूस पुन्हा धावतो. एकूण हिशेब 9,500 झाला. आकडा फार मोठा नाही, म्हणूनच असे धंदे चालतात. एवढ्या पैशांसाठी कोण कोर्टात जातं?

कोर्सचं पार्सल यायच्या आत माझ्या भावानं आम्हाला मेडिकलला पाठवलं. बाहेरच्यांसाठी सांगते, नागपुरात मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. त्वचारोग ओपीडीत सकाळी आठला जाऊन बसलो. तपासणाऱ्या डॉक्टर वयानं लहानच असतील, बहुधा शिकत असतील. त्यांनी गालावर भिंगाचा दिवा धरला, एकदा या गालाला, एकदा त्या, आणि माझ्याकडे न पाहताच विचारलं, "तीन-चार दिवसांत फरक पडला होता ना?"

मी म्हटलं, हो.

"रंग उजळला? मग ऊन सोसेना? लव वाढली? आणि लावायचं सोडल्यावर हे झालं?"

मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. माझ्या घरात सहा महिने राहिल्यासारखं त्या सांगत होत्या.

"डबीवर नाव आहे का?"

"नाही."

त्यांनी केसपेपरवर लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. टॉपिकल स्टेरॉईड डॅमेज्ड फेस. स्टेरॉईडच्या मलमानं बिघडलेला चेहरा. या आजाराला स्वतःचं नाव आहे, म्हणजे माझ्यासारख्या आया किती असतील, ते तिथेच कळलं. मग लेकीला त्यांनी आरसा धरायला लावला आणि गालांवरच्या केसाएवढ्या बारीक लाल रेषा दाखवल्या. पातळ झालेल्या कातडीतून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या होत्या त्या.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत असं. मुरूम होतं ते तेलग्रंथीचं तोंड मेलेल्या पेशींनी आणि तेलानं बुजतं म्हणून. आत जंतू वाढतात, सूज येते. स्टेरॉईड ते तोंड उघडत नाही. ते फक्त सूज दाबतं आणि रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून लाली जाते आणि चेहरा गोरा दिसतो. खाली मुरुमाचं कारण तसंच. महिनोन्महिने लावलं की कातडी पातळ होते, लव वाढते आणि स्टेरॉईडमुळेच नवी मुरुमं येतात. लावायचं थांबवलं की आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुगतात आणि भडका उडतो. तो भडका पुन्हा मलम लावलं की शांत होतो. म्हणून गिऱ्हाईक सुटत नाही. ताईंना माझ्यामागे कधी फोन करावा लागला नव्हता, मीच करायचे.

डॉक्टरांनी आधी दिलेली खरी जेल मला सावकाश आणि त्रासाची वाटली, आणि खोटी डबी झटपट आणि सुखाची. मी नेमकं उलटं निवडलं. मुरुमांवरचं खरं औषध, मग ते बेंझॉइल पेरॉक्साइड असो की अॅडापॅलीन, फरक दिसायला महिने लागतात, आणि त्या काळात साल निघणं म्हणजे ठरल्याप्रमाणे चाललंय.

अशी स्टेरॉईडची मलमं मुळात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. 2018 मध्ये केंद्र सरकारनं ती शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, घातली आहेत. आणि आयुर्वेदिक औषध असलं तरी डब्यावर घटकांची नावं, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि संपण्याची तारीख लागतेच. 'घरगुती आहे म्हणून लेबल नाही' अशी सवलत कायद्यात कुठे नाही. मी स्वयंपाकघरातल्या हळदीच्या पुड्यावरही तारीख बघते आणि लेकीच्या चेहऱ्याला लावायच्या डबीवर बघितली नाही!

शिवाय प्रत्येक बिननावाच्या डबीत स्टेरॉईडच असेल असंही नाही. 2023 मध्ये अकोल्याच्या एका घरातल्या मायलेकींच्या किडन्या गोरं करणाऱ्या क्रीममुळे बिघडल्याची बातमी आली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयानं शोध घेतला तर क्रीममध्ये पारा निघाला. ती बातमी मी तेव्हा वाचली होती आणि पार्लरवाल्यांना शिव्या घातल्या होत्या. आपल्या कुंड्या-बरण्यावाल्या ताई त्यातल्या कशा असतील?

ताईंना मी मेडिकलचा केसपेपर व्हॉट्सअॅपवर पाठवला. दोन निळ्या रेघा आल्या आणि मग त्यांचा फोटोच दिसेनासा झाला. ब्लॉक. भिशीतल्या काकू माझ्यावरच नाराज झाल्या, "एवढ्या चांगल्या बाईचं नाव खराब करता." त्यांना बहुधा अजून फुकट डबी मिळते. उरलेलं मलम, पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि सगळे मेसेज घेऊन मी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली, ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 वरही नोंदवली. पावती नसली तरी फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद राहते, ती पुसू नका. मेसेजही पुसू नका आणि डबी तर मुळीच फेकू नका. मी पहिल्या सहा डब्या धुऊन त्यात हळदीकुंकू भरून ठेवलं होतं.

लेकीचा इलाज अजून चालू आहे. सनस्क्रीन, सौम्य मॉइश्चरायझर, पोटातून गोळ्या, आणि भरपूर धीर. लाली उतरली आहे, रेषा पूर्ण जातील का ते डॉक्टर खात्रीनं सांगत नाहीत. कोरफडीचा गर त्यांनी मना केला नाही, "थंड वाटत असेल तर लावा, मुरूम त्यानं जाणार नाही" एवढंच म्हणाल्या. कपाळावर ओघळेपर्यंत खोबरेल लावायचं मात्र बंद करायला सांगितलं. ते ऐकून सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

ऑफिसातल्या दोघींना मी समोर बसवून सगळं सांगितलं. एक रागावली, तिचा राग रास्त आहे. नणंदेला फोन केला तर ती हसली. "वहिनी, मला तर एकदम सूट झालं. मी आणखी दोन मागवल्या." मी म्हटलं, लगेच बंद कर. मग आठवलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, एकदम बंद केलं की भडका उडतो, आधी तपासून घ्या आणि डॉक्टर सांगतील तसं सोडा. पुन्हा फोन लावला, तिनं उचलला नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं वर्ध्याला चालले आहे. लेक बरोबर येणार आहे, स्कार्फ न बांधता. ते तिनंच ठरवलं.